सहीनंतरची तेवीस वर्षे

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने, आल्प्सच्या कुशीतील जर्मनभाषक दक्षिण टायरोल ऑस्ट्रियाकडून इटलीच्या पदरी पडला, आणि पुढे फॅसिस्ट अंमलात तेथील शाळांतून जर्मन हद्दपार झाली, गावांची नावे पालटली गेली, थडग्यांवर नवे जर्मन लेख कोरण्यासही मनाई झाली. मेलेल्या माणसाच्या नावाखालील चार ओळींनाही भिणारे सरकार बलाढ्य म्हणवून घेत होते! मुलांना मातृभाषेची अक्षरे गिरवता यावीत म्हणून तरुण शिक्षिका चोरून शेतकऱ्यांच्या घरी वर्ग भरवीत.

१९४६ मध्ये ऑस्ट्रियाचे ग्रूबर आणि इटलीचे दे गास्पेरी यांनी पॅरिसमध्ये या मुलखाच्या स्वायत्ततेचा करार केला व तो इटलीबरोबरच्या शांतता-तहास जोडला गेला. परंतु १९४८ मध्ये स्वायत्तता देताना हा मुलूख इटालियनबहुल त्रेंतोशी एकत्र बांधून, कराराचे अक्षर राखून आशय गिळण्याची जी हिकमत रोमने केली, तिच्यामुळे असंतोष धुमसत राहिला. १९६० मध्ये ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ब्रूनो क्रायस्की यांनी तक्रार संयुक्त राष्ट्रांपुढे नेली. आमसभेने निवाडा दिला नाही, उभय पक्षांना वाटाघाटीस बसण्याचे आवाहन केले, एवढेच. पुढच्याच वर्षी विजेचे मनोरे सुरुंगांनी उडविले गेले, माणसेही मेली. तरीही बोलणी मोडली नाहीत, १९६९ मध्ये तोडगा निघाला आणि १९७२ मध्ये नवा स्वायत्तता-कायदा अमलात आला.

हे साधले, कारण संयुक्त राष्ट्रांच्या दरबारात ऑस्ट्रियाने भूमी मागितली नाही, सहीची अंमलबजावणी मागितली. सरहद्दीचा दावा भाषेच्या तक्रारीत मिसळला असता, तर प्रत्येक जर्मन शाळा रोमला फितुरीचे ठाणे वाटली असती. आज तेथील सरकारी कचेरीत अर्ज ज्या भाषेत येईल त्याच भाषेत जबाब द्यावा लागतो, आणि दोन्ही भाषा येत असल्याचा पुरावा दिल्यावाचून कारकुनी मिळत नाही. नोकऱ्यांची वाटणी भाषिक गटांच्या प्रमाणात होत असल्याने मिश्र कुटुंबांची कुचंबणा होते, हा दोष खराच. पण तो नांदत्या घरातला आहे.

सही आणि अंमलबजावणी यांतले अंतर अन्यत्रही दिसते. युरोप परिषदेने १९९२ मध्ये अल्पसंख्याक भाषांची सनद सह्यांसाठी खुली केली. ब्रेटन आणि बास्क भाषकांच्या फ्रान्सने १९९९ मध्ये तिच्यावर सही केली. अनुसमर्थन मात्र अद्याप केलेले नाही.