मोठी बॅटरी, मोठे व्यसन

साधन बदलले की व्यसन सुधारते, असा एक गोड गैरसमज आपल्या विद्यार्थीवर्गात रुजू पाहत आहे. पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा पाहायला गेलेल्या आमच्या मित्रमंडळात इलेक्ट्रॉनिक सिगारेट निघते आणि वाद रंगतो तो बॅटरी मोठी घ्यावी की लहान याचा!

मोठी म्हणजे बहुधा १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल. तो जास्त वेळ पुरतो, तार अधिक तापवू शकतो, वाफही भरपूर देतो. पण मित्रहो, द्रव तोच असेल तर त्या वाफेबरोबर निकोटीनही अधिकच शरीरात जाते! लहान बॅटरी संपली की निदान हात तरी थांबतो. मोठी तेवढीही उसंत देत नाही.

शिवाय २०१९ च्या कायद्याने या वस्तूची विक्री, आयात व साठवण देशभर बंद आहे. चोरवाटेने आलेला सेल नकली निघून खिशात पेटला, तर दाद कुणाकडे मागणार?

असाच सेल विजेरीतही बसतो. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीकडे रात्री चालणाऱ्या यात्रेकरूला तो वाट दाखवतो. मोठी बॅटरी घ्यायचीच असेल, तर ती उजेडासाठी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.