मुलांच्या हाती टाळ द्या

वारकरी उपासनेतला पहिला धडा टाळाचा असतो. संध्याकाळी गावच्या विठ्ठल मंदिरात हरिपाठाला दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, मध्ये विणेकरी आणि मृदंग, आणि पावली धरता धरताच अभंग तोंडात बसत जातात. आज अनेक गावांत या ओळींत पन्नाशी ओलांडलेले टाळकरीच अधिक दिसतात. 14-15 वर्षांची मुले बाहेर पायरीवर मोबाइल घेऊन बसलेली असतात. मुलांना श्रद्धा उरली नाही, असे मग घाईने म्हटले जाते. खरी अडचण अशी, की देवळात या वयाला कामच दिलेले नसते. लहानपणी प्रसादापुरते कौतुक होते, मोठेपणी वर्गणीपुरती आठवण होते. मधल्या वयाच्या वाट्याला नुसता उपदेश येतो.

वास्तविक या परंपरेत कामांची वाण नाही. पखवाज शिकायचा तर सुरुवात धुमेला कणीक लावण्यापासून होते. कणीक किती सैल, किती जाड यावर नाद ठरतो, आणि तो कानानेच ओळखावा लागतो. आठ मात्रांचा भजनी ठेका ऐकायला सोपा वाटतो, पण चाल चढत गेली तरी लय न सोडता तो धरून ठेवायला महिनोन् महिने हात बसवावा लागतो. कीर्तनकाराने प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारला की मागच्या टाळकऱ्यांनी ते तत्काळ उचलायचे असते. त्यासाठी अभंग पाठ हवेत आणि चालीही. अखंड हरिनाम सप्ताहात तर वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहाऱ्याच्या पाळ्या लागतात आणि पुढचा माणूस आल्याशिवाय आधीच्याला गळ्यातली वीणा उतरवता येत नाही. आपण उशिरा गेलो तर दुसरे कुणीतरी तिथे उभेच राहील, हे पहाटेच्या पाळीवर नाव लागलेल्या मुलाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. भक्ती म्हणजे काय, याचे इतके सरळ शिक्षण दुसरे नसेल.

हे शिक्षण नीट देता येते, याचा दाखला शंभर वर्षांहून जुना आहे. विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि संतवाङ्मयाच्या अभ्यासाला शिस्त आणून दिली. प्रत्येक मुलाने कीर्तनकार व्हावे असे नाही. पण सप्ताहाच्या मंडपावर, भोजनावळीवर आणि मानधनावर गाव जेवढा खर्च करते, त्यातला थोडा भाग वर्षभर आठवड्यातून दोन दिवस पखवाज शिकवणाऱ्यासाठी आणि दहा-वीस टाळजोड्यांसाठी बाजूला काढणे अवघड नाही.

अभ्यास बुडेल, ही पालकांची धास्ती खोटी नाही. आषाढीची वारी शाळा सुरू होण्याच्या सुमारास येते आणि देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या पायी वाटचालीत जवळपास तीन आठवडे जातात. दहावीच्या मुलाला त्यासाठी आग्रह करू नये. हरिपाठाला मात्र रोज तास-दीड तास पुरतो, आणि उन्हाळ्याच्या सुटीतले बालसंस्कार शिबिर शाळेच्या आड येत नाही. दुसरा आक्षेप सक्तीचा. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे अनुच्छेद 28 सांगते, आणि ते योग्यच आहे. या उपासनेची जागा देऊळ, घर आणि दिंडी हीच आहे. हजेरीपटावर घेतलेले नामस्मरण कुणाच्याच कामाचे नाही.

या वयात मुले प्रश्न विचारतात, आणि तिथेच बहुतेक मोठी माणसे त्यांना गमावतात. परंपरेने मानलेल्या सनावळीनुसार ज्ञानेश्वरांचा जन्म 1275 चा आणि ज्ञानेश्वरीची पूर्तता 1290 ची, म्हणजे वय अवघे 15. मुक्ताबाई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. रुसून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाला समजावणारे अभंग तिच्याच नावावर आहेत. ज्या संप्रदायाचा पाया किशोरवयातल्या भावंडांनी घातला, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाला ‘तुला काय कळतं’ म्हणून गप्प बसवणे शोभत नाही. चोखोबांना देवळाबाहेर का राहावे लागले, असे त्याने विचारले तर उत्तर टाळू नये. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले, हेही त्याला सांगावे. लपवलेला इतिहास पुढे कधीतरी कळतोच, आणि मग लपवणाऱ्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

मुलींचाही वेगळा विचार हवा. दिंडीत डोक्यावर तुळस घेणाऱ्या बायका सगळ्यांना दिसतात. पखवाजाला बसलेली मुलगी अजूनही क्वचितच दिसते. जनाबाई आणि बहिणाबाईंचे अभंग गाणाऱ्या मंडळींनी मुलींनाही मृदंग शिकवावा, विण्याच्या पाळीत त्यांचेही नाव लावावे.

माळ घालण्याची घाई मात्र कुणी करू नये. माळेबरोबर मांस-मद्य वर्ज्य करणे, एकादशी आणि वारीचा नेम येतो, आणि तो आयुष्यभरासाठी घ्यायचा असतो. तो निर्णय ज्याचा त्याने, समज आल्यावर घ्यावा. एखाद्या मुलाने तीन वर्षे टाळ वाजवूनही माळ घातली नाही, तर चौथ्या वर्षीही ओळीतली त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवावी.