बंद दार आणि भरली सभा

बायबलमधला परस्परविरोध दाखवणारे एक उदाहरण नेहमी पुढे करतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो आणि सभास्थानांत व रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना ढोंगी ठरवतो. उलट बाविसाव्या स्तोत्राचा कर्ता भरल्या मंडळीत देवाची स्तुती करण्याचा नवस बोलतो. पस्तिसावे आणि एकशेअकरावे स्तोत्रही तेच सांगते. मग खरे कोणते, असा सवाल टाकून आक्षेपक मोकळे होतात. काही श्रद्धाळूही गांगरून एक वचन कवटाळतात आणि दुसरे दृष्टिआड करतात. दोघेही प्रार्थनेची जागा पाहतात, रोख पाहत नाहीत.

सहावा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचावा. माणसांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, हा तिथला मूळ सिद्धान्त आहे. दान, प्रार्थना आणि उपास ही त्याची तीन उदाहरणे. प्रार्थनेच्या उदाहरणावरून सामुदायिक स्तुतीला बंदी आहे असे म्हणायचे, तर दानाच्या उदाहरणावरून उघड दानही निषिद्ध ठरेल. पण प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबा शेत विकून आलेले पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवतो आणि त्याच्याविषयी गौरवाने लिहिले जाते. पुढच्याच अध्यायात हनन्या त्याच चरणांशी पैसे ठेवतो आणि दोषी ठरतो, कारण काही रक्कम मागे ठेवून त्याने सगळे दिल्याचा आव आणला. जागा तीच, कृती तीच. निवाडा मात्र उलटा.

आणखी एक पुरावा लूकच्या अठराव्या अध्यायात आहे. परूशी आणि जकातदार दोघेही मंदिरातच प्रार्थना करतात. उघड्या जागेची प्रार्थना मुळातच वाईट असती, तर जकातदार नीतिमान ठरून घरी गेला नसता. शिवाय दार लावायला सांगणारा येशू पहाटे एकांतात प्रार्थनेला जातो आणि लाजराच्या कबरीपाशी जमलेल्या लोकांसाठी मोठ्याने पित्याचे आभारही मानतो. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एकच अध्याय आधी, लोकांनी आपली सत्कर्मे पाहून पित्याचा गौरव करावा असे तो सांगतो. लोकांना दिसणे हा दोष नव्हे; त्यांचे कौतुक स्वतःकडे वळवणे हा दोष आहे.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे. मार्कच्या पहिल्या अध्यायात बरा झालेल्या कुष्ठरोग्याला येशू गप्प राहायला सांगतो. पाचव्या अध्यायात भूतग्रस्ताला मात्र घरी जाऊन देवाची कृपा सांगायला पाठवतो. हा लहरीपणा नव्हे काय? नव्हे. कुष्ठरोग्याने आज्ञा मोडली, त्याचा परिणाम मार्कनेच नोंदवला आहे: येशूला उघडपणे गावात शिरणे अशक्य झाले. भूतग्रस्ताच्या मुलखात लोकांनी येशूलाच निघून जाण्याची विनंती केली होती. तिथे मागे उरणारा साक्षीदार हा बरा झालेला माणूसच होता. एके ठिकाणी बोलण्याने कार्य अडले असते, दुसरीकडे गप्प राहण्याने.

तिसरा आक्षेप आमोसचा. एकशेपन्नासावे स्तोत्र वाद्यांच्या गजरात स्तुती करायला बोलावते आणि आमोस पाचव्या अध्यायात त्या गाण्यांचा देवाला वीट आला आहे असे सांगतो. पण आमोसचे श्रोते कोण, ते आठव्या अध्यायात कळते: मापात मारणारे, तराजूत खोट करणारे, गरिबाला जोड्याच्या मोलाने विकत घेणारे. त्यांच्या तोंडचे स्तोत्र खोटे ठरते ते गाणाऱ्याच्या हातामुळे.

एवढे खंडन पुरे. आता मंडन. उघड स्तुती हे ऋण आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच मोठ्याने देवाचा गौरव करत परतला, आणि बाकीचे नऊ कुठे आहेत असे येशूने विचारले. बाविसावे स्तोत्र सोडून दिल्याच्या आक्रोशाने सुरू होते. तो पीडित सुटल्यावर मंडळीपुढे बोलतो आणि दीनांना पोटभर जेवायला मिळेल असा दिलासा देतो. एकाची सुटका इतरांचे बळ होते. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री पौल आणि सीला गात होते आणि कैदी ऐकत होते. नारायण वामन टिळकांची भजने मराठी मंडळ्या आजही एकत्र गातात, ती याच भागीदारीने.

म्हणून मत्तयाचा आधार देऊन कोणी मंडळीचे तोंड बंद करू नये, आणि स्तोत्रांचा आधार देऊन कोणी आपली साक्ष मिरवू नये. हेतू दुसऱ्याचा तपासता येत नाही. स्वतःचा तपासता येतो. कोणी पाहत नसताना मी प्रार्थना करतो का, आणि माझे माप खरे आहे का, एवढे दोन प्रश्न पुरेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असलेल्याने सभेत निःसंकोच गावे. बंद दाराआड जो देवाशी बोलतो, त्यालाच भरल्या सभेत देवाविषयी बोलण्याचा अधिकार पोचतो, आणि ज्याला तो पोचला त्याने गप्प राहणे हीच कृतघ्नता.