मामांचे चार कागद

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेच्या दिवशी मामा बदनापूरला आमच्याकडे आले. दरवर्षी त्यांच्या हातात नव्या मुगाची पिशवी असते. या खेपेला घडी घातलेले वहीचे चार कागद होते. चहाही नको म्हणाले, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले.

मामांचा बांधाचा दावा नऊ वर्षे चालला आणि नुकताच ते हरले होते. त्याच संतापात रात्रभर बसून लिहिलेला मजकूर त्यांना वर्तमानपत्राकडे धाडायचा होता.

"भाच्या, तू मराठीचा मास्तर. जरा शुद्ध करून दे."

मी वाचले. शुद्धलेखनाच्या चुका तीन निघाल्या. न्यायाधीशमहाशयांना लावलेली विशेषणे मात्र अकरा! ते प्रतिवादीच्या नात्यातले, त्याच्या पंगतीला जेवलेले. आणि पुढचे तर इथे छापण्याजोगे नाही.

"मामा, याला पुरावा?"

"समदं गाव म्हणतंय की!"

वाचकहो, खरे सांगतो, मला आधी आठवली ती माझी नोकरी. सुधारलेला मजकूर माझ्या अक्षरात राहणार होता! कायदा त्यानंतर आठवला, आणि कायद्याबरोबर आठवले साहित्यसम्राट न. चिं. केळकर. १९०८ साली लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे चालला. ज्यूरीतल्या सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. शिक्षा झाली सहा वर्षांची. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! या खटल्यावर 'मराठा' पत्रात लिहिल्याबद्दल केळकरांना कोर्टाच्या बेअदबीपायी कैद आणि दंड, दोन्ही भोगावे लागले. पुढे १९५६ साली त्याच हायकोर्टात टिळकांचे शब्द शिळेवर कोरून लावले गेले. अनावरण केले मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी.

मामा खुलले. "म्हंजे केळकर बरोबर होते ना?"

"बरोबर होते, पण आत होते."

मग मी अलीकडचे उदाहरण दिले. ऑगस्ट २०१७ मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या खटल्यात खुद्द राज्य सरकारनेच न्यायमूर्ती अभय ओक पक्षपाती आहेत असे म्हटले. मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांनी ते खटले त्यांच्याकडून काढले. वकील मंडळी खवळली. काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला गेला, ओकांसह तीन न्यायमूर्तींचे पीठ नेमले गेले आणि सरकारला माफी मागावी लागली.

"मंग खरं बोलायचंच नाही का?" मामांनी विचारले. या प्रश्नाला मी जरा अडखळलो. १९७१ च्या कायद्यात निकालावर रास्त टीका करण्यास मुभा आहे. २००६ पासून, लोकहितासाठी प्रामाणिकपणे सांगितलेले सत्य हाही बचाव होऊ शकतो. खालच्या न्यायाधीशाविरुद्ध सद्भावनेने हायकोर्टाकडे तक्रार केली, तर ती बेअदबी होत नाही. पण गावाचे म्हणणे म्हणजे पुरावा नव्हे.

"निकालाची नक्कल काढली का?"

"काढून काय करू? हरलो एवढं कळलं."

नऊ वर्षे लढलेल्या माणसाने निकाल वाचलाच नव्हता! जिल्हा न्यायालयात अपिलाला मुदत तीस दिवसांची; त्यातले अठरा उलटले होते. नकलेसाठी लागणारा वेळ मुदतीतून वजा होतो, हे नशीब. नक्कल आली ती आम्ही ओसरीवर बसून वाचली. कुणाच्या नात्याचा वा जेवणाचा त्यात पत्ता नव्हता. नवी मोजणी न्यायाधीशांनी मानली होती. पण मामांनी दाखल केलेल्या जुन्या नकाशाबद्दल अक्षरही नव्हते. वकील म्हणाले, मुद्दा हाच.

मी वहीत लिहिले : 'वादीचा जुना नकाशा विचारात घेतलेला नाही.' अकरा विशेषणांच्या जागी हे एक वाक्य. मामांनी ते दोनदा वाचले.

"लईच मिळमिळीत झालं, मास्तर."

अपील मुदतीत दाखल झाले. अजून चालू आहे. मी मामांना अडवले ते शहाणपणाने की नोकरीच्या भीतीने, हे मात्र मला आजही नक्की सांगता येत नाही. ते चार कागद मी फाडायला निघालो होतो. मामांनी माझ्या हातातून घेतले, नीट घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवले.

"राहू दे. निकाल लागला की बघू."