मुदत संपली ती कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे संगणकाचा सारा अंतर्गत कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीचा, पाठिंबा काढून घेतला. राजकारणात पाठिंबा काढला की सरकार कोसळते. येथे तसे काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी शाळांतले, वाचनालयांतले, संघटनांच्या कार्यालयांतले संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाले, पत्रे लिहिली गेली, छापलीही गेली. थांबली ती दुरुस्ती. प्रणालीत नवे भगदाड सापडले तर ते बुजवण्याची जबाबदारी कंपनीने आपल्या अंगावरून झटकली. ज्यांना आणखी थोडे संरक्षण हवे त्यांच्यासाठी सोय ठेवली ती अशी: घरगुती वापरणाऱ्याने कंपनीकडे खाते उघडून आपल्या संगणकाची मांडणी तिच्या भांडारात जमा करावी, नाहीतर तीस डॉलर मोजावेत, आणि ही सवलत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते. एवढ्या पैशात साधे नवे यंत्रच येते, आणि या दरपत्रकाचा रोखही तिकडेच आहे.

विंडोज ११ फुकट मिळते, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. ते फुकट मिळते हे खरे. पण टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चकती आणि कंपनीने मान्य केलेल्या यादीतला प्रोसेसर असेल तरच ते रीतसर बसते. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७-१८ पासून सुरू होते. २०१६ साली घेतलेला, एकही भाग न बिघडलेला, रोज आठ तास काम करणारा संगणक त्यामुळे एका रात्रीत नालायक ठरतो. कॅनॅलिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तवला होता की या एका निर्णयाने जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला एकचतुर्थांशही रीतसर गोळा झाला नाही. उरलेला कुठे जातो हे पाहायचे असेल तर दिल्लीच्या सीलमपूरमधल्या गल्ल्यांतून एक फेरी पुरे.

यंत्राची किंमत दोन कारणांनी उतरते: ते झिजते म्हणून, किंवा त्याहून चांगले यंत्र निघते म्हणून. हिशेबनीस घसारा धरतात तो या दोन गोष्टींचा. येथे मात्र तिसरेच कारण उभे राहिले आहे. यंत्र झिजलेले नाही, करायचे कामही बदललेले नाही. यंत्राचा मालक एक आणि त्याचे आयुष्य ठरवणारा दुसरा, एवढेच झाले आहे. रोख पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर अशी दूरची सत्ता चालू राहणे, याला खरेदी म्हणावे की कूळवहिवाट?

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो नवाही नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली कोणालाही वापरता यावी, तिचे अंतरंग तपासता यावे, बदलता यावे आणि दुसऱ्याला देता यावे, असे चार हक्क त्यामागे होते. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो त्याच परवान्याखाली खुला केला. आज ही प्रणाली अनेक रूपांत मिळते: डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट. आपल्या सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती २००७ पासून काढली आहे. मिंटला चार जीबी मेमरी आणि शंभर जीबी डिस्क असली म्हणजे ऐसपैस होते. दोन जीबीवरही ती चालते. तिच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळायच्या आहेत. विंडोज १० सोबत मोडीत निघालेल्या बहुतेक यंत्रांना हे माप सहज बसते.

ती बसवणे हे मोठे गूढ काम असावे, अशी समजूत कार्यकर्त्यांत आहे. वस्तुतः ते गॅसची शेगडी जोडण्याइतपत अवघड आहे: सावधपणा हवा, पदवी नको. प्रथम यंत्रातील सगळी कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडतात याची खात्री करावी. ही पायरी गाळणाऱ्याला पुढे कोणीही वाचवू शकत नाही. डिस्कला विंडोजने बिटलॉकरचे कुलूप घातलेले असेल तर त्याची किल्ली आधी टिपून ठेवावी. मग मिंटची फाइल, जी सुमारे तीन जीबीची असते, तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी आणि आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी. नुसती नक्कल करून भागत नाही. रूफससारख्या छोट्या कार्यक्रमाने ती ‘लिहावी’ लागते. नवख्यांची निम्मी फजिती येथेच होते. मग संगणक बंद करून सुरू करताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबली की कुठून सुरू व्हायचे ते विचारणारी यादी येते. तिच्यातून पेन ड्राइव्ह निवडावा.

यानंतर जे घडते ते विंडोजची सवय असलेल्यांना चमत्कारिक वाटते. आतल्या डिस्कला हात न लावता सारी प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालू होते. घर घेण्याआधी चार दिवस राहून पाहावे तसा हा प्रकार. या अवस्थेत वाय-फाय लागते का, आवाज येतो का, आणि मुख्य म्हणजे कार्यालयातला प्रिंटर ओळखला जातो का, हे तपासावे. यापैकी काही अडले तर यंत्र बंद करून पेन ड्राइव्ह काढावा. विंडोज होते तसेच असते. सारे जमले तर पडद्यावरच्या ‘इन्स्टॉल’च्या चिन्हावर टिचकी मारावी. भाषा, कळफलक, नाव, परवलीचा शब्द एवढेच प्रश्न येतात. वेळेच्या नकाशात मुंबई सापडत नाही, कोलकात्यावर समाधान मानावे लागते. जपून उत्तर द्यावे असा प्रश्न एकच: विंडोजच्या शेजारी बसायचे की सारी डिस्क पुसायची? पहिले काही महिने शेजार बरा. अर्ध्या तासात काम संपते. मग इंटरनेटवरून ताज्या दुरुस्त्या घ्याव्यात आणि कळफलकाच्या यादीत मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी जोडावी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी ही शास्त्रशुद्ध मांडणी आहे. आठवडाभराच्या सरावाने बोटांत बसते. पत्रलेखनाला लिबरऑफिस सोबतच येते.

मग एवढे सोपे असूनही हे सर्वत्र का झाले नाही? केवळ कंपनीच्या कपटाकडे बोट दाखवून या प्रश्नातून सुटका होणार नाही.

समाजवादी चळवळीतल्या जुन्या वाचकांना १९७८ साल आठवत असेल. परकीय चलन कायद्यानुसार भारतातील भांडवली हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्याची अट न मानता आयबीएमने त्या वर्षी देशातला गाशा गुंडाळला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. कंपनी गेली याचा जयजयकार पुष्कळ झाला. पण कंपनीच्या मागे राहिलेली यंत्रे कोणी चालू ठेवली, हे फारसे कोणी सांगत नाही. १४०१ हे १९५९ सालचे यंत्र डागडुजी करून आयबीएम येथे भाड्याने देत असे. म्हणजे तेव्हा जुने यंत्र नवे म्हणून गळ्यात मारले जात होते, आता धडधाकट यंत्र जुने म्हणून काढून घेतले जात आहे. ती यंत्रे बंद पडली नाहीत, कारण १९७५ मध्येच सरकारने संगणक-दुरुस्तीसाठी सीएमसी हे महामंडळ काढून ठेवले होते. त्याच्या अभियंत्यांनी देशभरची देखभाल अंगावर घेतली. १९७८ चा खरा विजय त्या अभियंत्यांच्या हत्यारपेटीत होता. (२००१ मध्ये सीएमसीवरील मालकी सरकारने टाटांना विकली, ती कथा वेगळी.)

केरळने हे सूत्र नेमके उचलले. तिथल्या शाळांतून संगणक शिकवण्याचा कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला. आरंभीची वर्षे विंडोजचीच होती. पण मुक्त प्रणालीचा आग्रह धरणारे लोक आणि संघटना तिथे जाग्या होत्या, आणि २००८ पर्यंत दहावीचा संगणक विषय मुक्त प्रणालीवर आला. ‘काइट’ या सरकारी कंपनीने २०१९ मध्ये शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी आपली नवी आवृत्ती काढली, तेव्हा ३००० कोटी रुपये वाचल्याचा दावा झाला. हा आकडा भाषणात शोभतो, हिशेबात नाही. जो परवाना कोणी विकत घेतलाच नसता त्याची बाजारभावाने किंमत धरून तिला बचत म्हणता येत नाही. केरळची कमाई निराळी आहे. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवले, धड्यांची पुस्तके मल्याळममध्ये झाली, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ मंडळांतून शाळेतली मुलेच यंत्रांची निगा राखू लागली. बिघाड झाला तर जिल्ह्याच्या गावाहून माणूस येण्याची वाट पाहावी लागत नाही.

उलट उदाहरण म्युनिकचे. त्या जर्मन महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुटी सोडून महापौरांना भेटायला धावले होते. महापालिका बधली नाही. २०१३ अखेर सुमारे १५ हजार संगणक बदलून झाले. आणि २०१७ मध्ये त्याच महापालिकेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. दरम्यान महापौर बदलले होते. दोघेही सोशल डेमोक्रॅटच. परंतु महापालिकेने नेमलेल्या सल्लागारांच्या २०१६ च्या अहवालानेही मुख्य दोष दाखवला तो प्रणालीत नव्हे, विखुरलेल्या संगणक विभागांच्या संघटनेत. कारकुनाची अडचण सोडवायला कोणी वेळेवर येत नसे, आणि प्रत्येक बिघाडाचे खापर पेंग्विनच्या डोक्यावर फुटे.

महाराष्ट्रात याहून खोल अडसर आहे. येथे २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून लक्षावधी तरुण ‘संगणक-साक्षर’ झाले, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. खेड्यापाड्यांत संगणक पोहोचला हे त्याचे श्रेय मान्य करावे. पण त्या साक्षरतेत शिकवले गेले ते प्रामुख्याने एकाच कंपनीचे विंडोज आणि तिचेच ऑफिस. एखाद्याने एकाच छापखान्याची पुस्तके वाचायला शिकावे आणि त्याला साक्षर म्हणावे, तसे हे झाले. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले; तरी निविदेत ‘विंडोजसह’ हा शब्द लिहिणाऱ्या कारकुनाचा हात त्या धोरणाने अडला नाही, कारण तो हात दुसरे काही शिकलेलाच नाही. सवय हेही भांडवल असते. आणि हे भांडवल आपणच आपल्या खर्चाने कंपनीच्या खात्यात जमा केले आहे.

म्हणून तालुक्याच्या कार्यालयात पेन ड्राइव्ह घेऊन जाणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याने काही गोष्टी आधीच मनाशी पक्क्या कराव्यात. टॅलीवर हिशेब ठेवणारे यंत्र आणि कोरलड्रॉ, पेजमेकर चालणारे छपाईचे यंत्र यांना सध्या हात लावू नये. ते कार्यक्रम लिनक्सवर नीट चालत नाहीत, आणि पहिल्याच आठवड्यात जमाखर्च अडला तर दहा वर्षे पुन्हा कोणी नाव काढणार नाही. सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सही करणारे यंत्रही तूर्त तसेच ठेवावे. मात्र दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवर अशी कामे फार काळ चालवणे धोक्याचे, हे ध्यानात असू द्यावे. आरंभ वाचनालयाच्या, अभ्यासिकेच्या, पत्रव्यवहाराच्या यंत्रापासून करावा. एका तालुक्यात निदान दोन माणसे अशी हवीत की ज्यांना रात्री दूरध्वनी केला तर ती चिडणार नाहीत. ती मिळाली नाहीत तर प्रणाली बसवण्याचे थोडे लांबवावे.

आणि पूर्वतयारीचे एक काम असे आहे की ते कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही. आपल्या संस्थांतील वीस-पंचवीस वर्षांचे मराठी लेखन युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले आहे: पत्रके, ठराव, शिबिरांचे वृत्तांत, कित्येक दिवंगत सहकाऱ्यांची अप्रकाशित टिपणे. त्या फाइलींत संगणकाच्या लेखी मराठी नाहीच. रोमन अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले आहेत. तो फॉन्ट यंत्रातून गेला की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उरतात. डिस्क पुसण्यापूर्वी अशा सर्व फाइली हुडकून, परिवर्तकातून त्या युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालून घेतले पाहिजेत. परिवर्तक चुका करतात, विशेषतः ऱ्हस्व वेलांटीच्या जागेत; तेव्हा मूळ मजकूर शेजारी उघडा ठेवून ताडून पाहावा लागतो, आणि तो मूळ रूपात दिसतो तो जुन्या यंत्रावर जुना फॉन्ट शाबूत आहे तोवरच.