लम्पीची खबर सक्तीची, माराची का नाही?

या आठवड्यात जिल्ह्यातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात बसलो होतो. एक बैल आला. पुठ्ठ्यावर तुतारीच्या आरेची भोकं, एकाशेजारी एक. काही सुकलेली, काही पू धरलेली. शेपूट दोन ठिकाणी पिरगाळून मोडलेली. डॉक्टरांनी जखमा धुतल्या, अळ्या काढल्या, इंजेक्शन दिलं. मालक हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जास्त काही लिहू नका जी." रजिस्टरात नोंद झाली: 'जखम, उपचार केले.' जखम कशानं झाली, हे लिहायला तिथं रकानाच नव्हता.

तुम्ही हे कुणाला कळवणार का, असं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "कुणाला? आणि कोणत्या कलमाखाली?" त्यांना दोष देता येत नाही. प्राण्यांच्या छळाला आळा घालणारा १९६०चा कायदा डॉक्टरवर खबर देण्याची सक्ती करत नाही. मारहाणीचा गुन्हा अदखलपात्र, पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. तीन महिने उलटले की खटलाही भरता येत नाही. जनावर ठार केलं किंवा कायमचं निकामी केलं, तर न्याय संहितेचं ३२५वं कलम आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे जनावर कामातून गेल्यावर कायदा जोरात येतो. त्याआधीच्या खुणा पाहणारा माणूस डॉक्टर, आणि त्यालाच गप्प राहण्याची मुभा!

आता याच डॉक्टरच्या दुसऱ्या कर्तव्याकडे बघा. २०२२च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. तेव्हा २००९चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा बाहेर निघाला. लक्षणं दिसली की जवळच्या दवाखान्यात कळवणं बंधनकारक आहे, असं सरकार रोज बजावत होतं. या कायद्यानं नुसत्या पशुपालकालाच बांधलेलं नाही. रोग झाल्याचं मानायला कारण असेल, तर पशुवैद्यकानंही वरिष्ठ अधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे. पुरावा हातात हवा, अशी अट नाही. रोगाच्या बाबतीत डॉक्टरच्या संशयावर सरकार भरवसा ठेवतं. त्याच डॉक्टरला, त्याच बैलाच्या पाठीवर आरेच्या खुणा दिसल्या, तर त्याच्या नजरेची किंमत शून्य? लम्पीनं बैल मेला तेव्हा सरकारनं मालकाला २५ हजार रुपये दिले. दिलेच पाहिजे होते. पण तोच बैल मालकानं झोडपला, तर पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांच्या वर दंड नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कायद्याचं मन कळतं. रोग शेजाऱ्याच्या गोठ्यात जातो म्हणून तो सगळ्यांचा प्रश्न; मार एकाच जनावराच्या अंगावर राहतो म्हणून तो मालकाचा घरगुती मामला.

यावर हमखास येणारा आक्षेप ठाऊक आहे: डॉक्टर खबर देतो म्हटलं, की लोक जनावर दवाखान्यात आणणारच नाहीत. भीती खोटी नाही. पण हीच भीती लम्पीतही होती, म्हणून सक्ती मागे घेतली नाही. खबरीच्या जोडीला मोफत लस दिली, भरपाई दिली, आणि लोक आले. इथंही तसंच करता येईल. पहिली खबर पोलिसांकडे न जाता जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे जावी. तिथून माणूस गोठ्यावर जावा, समज द्यावी. पुन्हा खुणा दिसल्या तर खटला. सद्भावनेनं कळवणाऱ्या डॉक्टरला मात्र पूर्ण संरक्षण हवं, कारण त्याला उद्या त्याच गावात जायचं असतं.

  

हे अशक्यही नाही. नॉर्वेत छळाचा संशय आलेल्या कुणालाही कळवणं बंधनकारक आहे, कॅलिफोर्नियात पशुवैद्यकाला. आपल्याकडे पॉक्सो कायद्यात मुलांच्या लैंगिक छळाची खबर न देणं हा गुन्हाच आहे. शिवाय प्राण्यांचा छळ रोखणं हा विषय समवर्ती सूचीतला आहे. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्रानं २०१७मध्ये १९६०चाच केंद्रीय कायदा आपल्यापुरता दुरुस्त करून घेतला, आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती मान्य केली. बैल पळवण्यासाठी जे जमलं, ते बैल वाचवण्यासाठी का जमू नये?

पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात आहे. मसुदा लिहायला तज्ज्ञ शोधत मुंबईला जायला नको. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशनही इथंच भरतं. विदर्भातल्या एका तरी आमदारानं या अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडावं. आणि तोवर पशुसंवर्धन विभागानं दवाखान्याच्या रजिस्टरात एक रकाना वाढवावा: 'जखमेचं संभाव्य कारण'. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.