शेत शोधणारे आजोबा

खारघर म्हटले की आज उत्सव चौक, सेंट्रल पार्क आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. १९७० साली सिडको स्थापन झाली; पुढे नवी मुंबईसाठी येथील जमिनी संपादित झाल्या. त्यापूर्वी हे भातशेतीचे गाव होते. मागे डोंगर, पावसाळ्यात कोसळणारा पांडवकडा, पुढे खाडी आणि खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध.

गावठाणातील माझे एक वृद्ध रुग्ण पाऊस लागला की पहाटेच निघतात. ‘आवणी खोळंबली,’ म्हणतात. शेताच्या जागी आता रस्ता आहे. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात, जुन्या बराच काळ टिकतात. सकाळचा चहा आजोबांना आठवत नाही; बांध फुटला तेव्हा कोण धावून आले, ते आठवते.

सून पूर्वी समजावीत असे, ‘आबा, शेत गेलं.’ ते दर वेळी नव्याने ऐकत आणि दुःखही नव्यानेच होई. आता ती विचारते, ‘आबा, यंदा राब कुठे केलात?’ आजोबा सांगू लागतात, बसतात. उजाडल्यावर दोघे फेरी मारून येतात. माझ्या कोणत्याही गोळीपेक्षा हा उपाय सरस ठरला.

दाराला घुंगरू बांधा. खिशात नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असू द्या. मात्र गोंधळ एक-दोन दिवसांत एकाएकी वाढला, तर त्यास म्हातारपण समजू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातील सोडियमची घट किंवा नवे औषधही त्यामागे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.